ओइरातांचे राज्य आणि पटावरचे राज्य

इतिहासाच्या अध्ययनात नकाशाचे साहाय्य जितके मोठे, तितकाच त्यापासून संभवणारा भ्रमही मोठा असतो. राज्य म्हणजे सीमारेषांनी वेढलेला आणि एका रंगाने रंगविलेला भूभाग, ही समजूत नकाशा पाहणाऱ्याच्या मनात नकळत दृढ होत जाते. स्थिर शेती करणाऱ्या समाजांच्या बाबतीत ही समजूत फारशी घातक ठरत नाही. परंतु मध्य आशियाच्या स्टेप प्रदेशात, जेथे तंबू, घोडे व मेंढ्यांचे कळप हेच वैभव आणि ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर हाच नित्यक्रम, तेथे ती मूळ वस्तुस्थितीलाच झाकून टाकते. हा भ्रम कसा उत्पन्न होतो आणि तो कोठवर नेतो, हे पाहण्याचे एक अनपेक्षित पण उपयुक्त साधन अलीकडच्या काळात उपलब्ध झाले आहे. ते साधन म्हणजे संगणकावरील व्यूहनीतीचे ऐतिहासिक खेळ. स्टेप प्रदेशातील एखादे दुर्बळ राष्ट्र हाती घेऊन त्यास युद्धे व बंडाळ्या यांतून तारून नेणे, हा या खेळांतील एक अवघड आणि म्हणूनच अनेकांना आवडणारा डाव होय. प्रस्तुत लेखात ओइरात या पश्चिम मंगोल लोकांचे उदाहरण घेऊन, पटावरचा डाव आणि प्रत्यक्ष इतिहास यांचा मेळ कोठे बसतो व कोठे तुटतो, याचा विचार केला आहे.

१. पटाची घडण

येथे विचारात घेतलेला खेळ म्हणजे ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ची चौथी आवृत्ती. याचे मूळ फिलिप तिबो यांनी रचलेल्या आणि १९९३ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या पटखेळात आहे. त्यावरून स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या संस्थेने २००० साली संगणकीय खेळ तयार केला व २०१३ साली त्याची चौथी आवृत्ती काढली. त्यास २०१५ साली ‘द कोसॅक्स’ ही पुरवणी जोडण्यात आली. स्टेप राज्यांसाठी असलेले जे विशेष नियम पुढे विचारात घेतले आहेत, ते मुख्यतः या पुरवणीने आणलेले आहेत.

पट म्हणजे असंख्य लहान प्रांतांत विभागलेला जगाचा नकाशा. काळाचा आरंभ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे वार्ना येथील लढाईच्या दुसऱ्या दिवशी होतो, आणि शेवट १८२१ च्या प्रारंभी होतो. खेळणारा एखादे राज्य निवडतो व या पावणेचारशे वर्षांत त्याची धुरा वाहतो. प्रत्येक प्रांताचे मोल कर, उत्पादन व सैन्यबळ या तीन अंकांनी ठरते. राज्यकर्त्याच्या अंगी कारभार, राजनय व युद्ध या तीन बाबतींतील कर्तृत्व अंकांच्या रूपाने असते, आणि ते वर्षानुवर्षे साठवून खर्च करता येते. जिंकलेला प्रांत पचविण्यास कारभाराची शक्ती खर्ची पडते. पचविण्याच्या आवाक्याबाहेर मुलूख घेतला, तर राज्यभर असंतोष माजतो. असंतोषाची गणनाही प्रांतवार होते आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की त्या प्रांतात शस्त्रसज्ज बंडखोर उभे राहतात.

स्टेप राज्यांना या सर्वसामान्य नियमांखेरीज एक निराळा नियम लागू आहे. इतर राजांच्या ठिकाणी ‘वैधता’ हा अंक असतो, तर खानाच्या ठिकाणी ‘टोळ्यांचे ऐक्य’ हा अंक असतो. शून्यापासून शंभरापर्यंत मोजला जाणारा हा अंक स्वस्थ बसल्यास वर्षागणिक घटत जातो, आणि शत्रूचा मुलूख लुटल्याने किंवा जिंकलेला प्रांत उद्ध्वस्त केल्याने वाढतो. प्रांत उद्ध्वस्त केला की त्याचे मोल कायमचे घटते, पण त्याच्या बदल्यात खानाच्या पदरी कारभार, राजनय व युद्ध यांची शक्ती जमा होते. खानाच्या सैन्यात घोडदळाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक ठेवता येते. सपाट भूमीवर त्याचा आघात प्रखर असतो, तर डोंगराळ वा अरण्यमय भूमीवर तो मंदावतो. ज्ञान व तंत्र यांच्या बाबतीत मात्र स्टेप राज्ये आरंभापासूनच मागे पडलेली असतात आणि काळ जसा पुढे सरकतो तसे हे अंतर त्यांच्या अंगाशी येते.

या नियमांचा इत्यर्थ असा की, पटावरच्या खानास शांतता परवडत नाही. युद्ध थांबले की ऐक्य घटते, ऐक्य घटले की बंडाळी होते, बंडाळी मोडण्यात सैन्य खर्ची पडले की शेजारी चालून येतो. मराठी वाचकास यावरून ‘मुलूखगिरी’ हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे. पण चौथाईच्या हक्कामागे ठरावीक वसुलीची जी कल्पना होती, तिचा येथे मागमूस नाही. येथे लूट हेच राज्याचे अन्न होय.

२. एसेन तायशीचा विजय आणि विनाश

खेळाच्या आरंभी, १४४४ साली, ओइरातांचे नेतृत्व एसेन तायशी याजकडे होते. त्याचा पिता तोगोन याने पश्चिमेकडील मंगोल टोळ्या एकत्र आणल्या होत्या. १४३९ च्या सुमारास त्याच्या मृत्यूनंतर सत्ता एसेनकडे आली. तथापि एसेन हा चंगीझखानाच्या वंशातील नव्हता, आणि स्टेपच्या रूढीप्रमाणे ‘खान’ ही पदवी त्या वंशाबाहेरच्या पुरुषास घेता येत नसे. म्हणून नावाचा खान चंगीझच्या कुळातील तोग्तोआ-बुखा, आणि खरा कर्ता एसेन तायशी, अशी दुहेरी व्यवस्था होती.

या सत्तेचा आर्थिक पाया पाहिला म्हणजे खेळाच्या नियमामागचे तत्त्व स्पष्ट होते. कळपांवर जगणाऱ्या समाजास धान्य, कापड, लोखंडी भांडी अशा वस्तू बाहेरून मिळवाव्या लागत. त्या चीनमधील मिंग साम्राज्याकडून ‘नजराणा’ या नावाखाली मिळत. ओइरातांचे वकील घोडे घेऊन दरबारी जात आणि बदल्यात मौल्यवान देणग्या घेऊन परतत. एसेनच्या काळी ही वकिलाती मंडळे फुगत फुगत दोन हजारांच्या वर गेली. या देणग्या टोळ्यांच्या सरदारांत वाटणे हेच एसेनच्या नेतृत्वाचे खरे बळ होते. १४४८ च्या हिवाळ्यात आलेल्या मंडळाने आपली संख्या वाढवून सांगितली, तेव्हा मिंग दरबाराने प्रत्यक्ष शिरगणती करून तेवढ्यांपुरतेच दिले व घोड्यांची किंमतही उतरविली. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. वाटायला काही उरले नाही, तर नेता कशाचा, असा तो प्रश्न होता.

१४४९ च्या उन्हाळ्यात एसेनने सरहद्दीवर स्वारी केली. तरुण झेंगतोंग सम्राट, वांग झेन या कंचुकीच्या आग्रहास्तव, स्वतः सैन्य घेऊन निघाला. हे सैन्य पाच लाखांचे होते असे परंपरा सांगते. हा आकडा फुगविलेला असावा असे अभ्यासक मानतात. १ सप्टेंबर १४४९ रोजी तुमू या टपालचौकीजवळ, पाण्यावाचून कासावीस झालेल्या त्या सैन्याचा ओइरातांनी धुव्वा उडविला आणि खुद्द सम्राट त्यांच्या हाती लागला. पटावर असा विजय मिळाला असता, तर खेळणाऱ्याने उत्तरेकडील प्रांत तहात घेतले असते, ते उद्ध्वस्त करून ऐक्याचा अंक शंभरावर नेला असता, आणि पुढच्या पन्नास वर्षांची निश्चिंती केली असती.

प्रत्यक्षात याच्या उलट झाले. बीजिंगमध्ये युद्धमंत्री यू च्येन याने राजधानी सोडण्याचा सल्ला धुडकावून लावला. बंदिवान सम्राटाच्या भावास सिंहासनावर बसवून त्याने ओलिसाचे मोलच नाहीसे केले. ऑक्टोबरात एसेनने राजधानीस घातलेला वेढा काही दिवसांतच उठवावा लागला, आणि १४५० साली सम्राटास त्याने जवळजवळ फुकटच परत पाठविले. इतक्या मोठ्या विजयातून टोळ्यांना वाटण्याजोगे टिकाऊ असे काही हाती आले नाही. पुढे वारसाच्या प्रश्नावरून एसेन व तोग्तोआ-बुखा यांचे बिनसले आणि १४५२ साली त्या खानाचा अंत झाला. १४५३ साली एसेनने स्वतःस खान म्हणवून घेतले. रूढीचा हा भंग त्यास भोवला. त्याच्याच सरदारांनी बंड केले आणि १४५४-५५ च्या सुमारास तो मारला गेला. तुमूच्या विजयास सहा वर्षेही उलटली नव्हती, तोच त्याने बांधलेले राज्य विसकटले.

३. खेळाचे यश

एसेनच्या या कथेवरून खेळाच्या रचनेचे श्रेय मान्य केले पाहिजे. स्टेप राज्याची एकजूट ही दिलेली वस्तू नसून ती सतत मिळवावी लागते, हे तत्त्व एका घटत्या अंकाच्या साहाय्याने खेळात नेमके उतरले आहे. इब्न खल्दून याने १३७७ साली ‘मुकद्दिमा’त ज्या ‘असबिया’चे, म्हणजे गोतबंधनातून निर्माण होणाऱ्या सांघिक निष्ठेचे, विवेचन केले, तिचाच हा अंकरूप अवतार म्हणता येईल. मात्र इब्न खल्दूनच्या मते ही निष्ठा ऐषआरामाने व नगरवासाने झिजते. खेळात ती लुटीच्या अभावी झिजते. हा दुसरा विचार थॉमस बारफील्ड यांनी १९८९ साली मांडलेल्या उपपत्तीस अधिक जवळचा आहे. स्टेपवरील मोठी राज्ये ही चीनसारख्या संपन्न साम्राज्याकडून द्रव्य काढून ते आपल्या टोळ्यांत वाटण्यासाठी उभी राहत, असे त्या उपपत्तीचे सार आहे. बारफील्ड यांच्या मांडणीवर पुढे आक्षेप घेतले गेले असले, तरी एसेनच्या बाबतीत ती बरीचशी लागू पडते.

दुसरे असे की, खेळणाऱ्यास येथे एक कठोर शिक्षण मिळते. उद्ध्वस्त केलेला प्रांत आज शक्ती देतो, पण उद्या कर देत नाही. अशा रीतीने जो पुष्कळ जिंकतो, तो शेवटी ओसाड मुलखाचा धनी होतो. आणि जो वेळीच स्थिर राज्यपद्धतीकडे वळत नाही, त्यास तोफांच्या युगात टिकाव धरता येत नाही. पुढाऱ्यापुढील हा पेच कल्पित नाही. अठराव्या शतकात झुंगार ओइरातांनी योहान गुस्ताफ रेनात या स्वीडिश युद्धकैद्याकडून तोफा ओतण्याची विद्या घेतली आणि शेतीस उत्तेजन दिले, ते याच जाणिवेतून होय.

४. बंड म्हणजे काय?

तथापि जेथे बंडाळीचा प्रश्न येतो, तेथे पट आणि इतिहास यांची फारकत होते. पटावरचा बंडखोर आपल्या प्रांतात उठतो. त्याची मागणी सिंहासनाची असेल, स्वातंत्र्याची असेल वा धर्माची असेल. पण तो त्या भूमीशी बांधलेला असतो. त्यास मोडले की प्रांत पुन्हा पूर्ववत् होतो आणि कर देऊ लागतो. शेतकरी समाजातील उठावांचे हे वर्णन स्थूलमानाने ठीक आहे. परंतु स्टेपवरील असंतुष्ट मनुष्याजवळ याहून सोपे आणि प्रभावी शस्त्र होते. तो आपला तंबू गुंडाळून, कळप हाकीत, दुसऱ्याच्या आश्रयास निघून जाई. भूमी जागच्या जागी राही; राज्य मात्र तिच्यावरून निघून जाई.

ओइरातांच्या पुढील इतिहासातील जवळजवळ प्रत्येक निर्णायक प्रसंग अशा प्रयाणाने घडला आहे. झुंगार राज्याचा गालदान खान १६८८ साली पूर्वेकडील खाल्खा मंगोलांवर चालून गेला. त्याचा पुतण्या त्सेवांग राबदान याने त्याच्याशी वैर पत्करले होते व तो आपल्या अनुयायांसह निघून गेला होता. गालदान पूर्वेकडे गुंतला असता त्याच पुतण्याने मागे राहिलेला मूळ मुलूख, म्हणजे तेथील माणसे व कळप, ताब्यात घेतले. १६९६ साली जाओ मोदो येथे मंचू सम्राट कांगशीच्या सैन्याने गालदानचा पराभव केला, तेव्हा परतण्यास त्यास घरच उरले नव्हते. पुढच्याच वर्षी तो मरण पावला. पटाच्या भाषेत त्याचा एकही प्रांत ‘बंडाने’ गेला नाही. त्याचे राज्यच त्याच्या पाठीमागून निघून गेले. पुढे १७५४ साली अमुरसाना हा ओइरात सरदार आपल्या लोकांसह मंचू सम्राटाच्या आश्रयास गेला, आणि त्याच्याच साहाय्याने १७५५ साली झुंगार राज्य जिंकले गेले.

स्टेपवरील राज्यकर्ते स्वतः ही गोष्ट पुरती ओळखून होते. १६४० साली ओइरात व खाल्खा सरदारांनी एकत्र जमून जी महासंहिता केली, तीत परस्परांचे फरारी लोक परत करण्याविषयी नियम घालण्यात आले. सीमा कोठे आहे याहून माणसे कोणाची आहेत, हा प्रश्न त्यांना अधिक निकडीचा वाटत होता, हाच त्याचा अर्थ. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास ही दृष्टी अगदीच अपरिचित नाही. जुलमास वा दुष्काळास कंटाळून परागंदा झालेल्या रयतेस परत आणण्यासाठी सरकारातून कौल दिले जात, आणि त्या कौलनाम्यांतून हेच दिसते की, माणसावाचून जमीन ही सत्तेच्या दृष्टीने निरर्थक होती. फरक इतकाच की, दख्खनच्या कुणब्यास घरदार सोडणे हा अखेरचा उपाय होता, तर स्टेपवरील पशुपालास तो नित्याच्या जीवनक्रमाचाच एक वळसा होता.

५. एका महाप्रयाणाचे नाव

ओइरातांपैकी तोर्गूत ही शाखा १६३० च्या सुमारास पश्चिमेकडे निघून व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यात स्थिरावली. तेथे ते काल्मिक म्हणून ओळखले गेले व रशियाच्या झारांचे अंकित झाले. दीड शतकाच्या अवधीत रशियन सत्तेचा दाब वाढला. कुरणांवर वसाहती झाल्या, खानाच्या अधिकारावर मर्यादा आल्या, आणि तुर्कांशी चाललेल्या युद्धासाठी घोडेस्वारांची मागणी होत राहिली. जानेवारी १७७१ मध्ये उबाशी खान आपल्या लोकांसह पूर्वेकडे, पूर्वजांच्या मुलखाकडे, निघाला. त्या वर्षी व्होल्गा गोठली नाही. म्हणून पश्चिम तीरावरील लोक मागे राहिले, आणि आजचे काल्मिक हे त्यांचेच वंशज होत. निघालेल्यांची संख्या अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे १,७०,००० होती. थंडी, उपासमार आणि वाटेतील कझाकांचे हल्ले यांतून वाचून इली नदीच्या प्रदेशात पोहोचले ते सुमारे ७०,०००.

या घटनेवर टॉमस डी क्विन्सी याने १८३७ साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात एकाच वेळी ‘बंड’ आणि ‘पलायन’ असे दोन्ही शब्द आहेत. घडले ते एकच. पण सत्ताधाऱ्याच्या दृष्टीने ते बंड होते, आणि निघालेल्यांच्या दृष्टीने प्रयाण. पटावर यांपैकी पहिल्यासच जागा आहे. व्होल्गेकाठचा प्रांत पटावर कधीही रिकामा होत नाही. त्याचा धनी बदलतो, एवढेच. स्टेपवरील राष्ट्र उठून चालू लागते, ही घटना त्याच्या व्याकरणात मांडताच येत नाही.

याहून गंभीर गोष्ट ही की, झुंगार राष्ट्राचा शेवटही या व्याकरणात मावत नाही. १७५५ नंतर अमुरसानाने मंचू सत्तेविरुद्ध उठाव केला. तो फसल्यावर रशियाच्या हद्दीत पळून जाऊन १७५७ साली तोबोल्स्क येथे देवीच्या रोगाने त्याचा अंत झाला. त्यानंतरच्या काळात झुंगार लोकांचा जो संहार झाला, त्याविषयी एकोणिसाव्या शतकातील चिनी लेखक वेइ युआन याने दिलेला हिशेब सर्वश्रुत आहे. लक्षावधी कुटुंबांपैकी शेकडा ४० देवीने दगावली, शेकडा २० रशियन व कझाक मुलखांत पळाली, आणि शेकडा ३० सैन्याच्या हातून मारली गेली. आकड्यांच्या अचूकतेविषयी मतभेद असले, तरी एक समग्र लोकसमूह आपल्या भूमीवरून जवळजवळ पुसला गेला, याविषयी शंका नाही. रिकाम्या कुरणांवर पुढे इतर लोक वसविण्यात आले, आणि तोर्गूत परतले ते याच ओसाड मुलखात. पटावर हीच घटना प्रांतांचा रंग बदलण्याने दर्शविली जाईल. प्रांतांच्या अंकांत तिच्यामुळे घट होईलच असे नाही. आणि गतराष्ट्राचा हक्क काही काळ नोंदलेला राहून त्याच्या पुनरुज्जीवनाची शक्यताही मोकळी राहील. ज्या घटनेने राष्ट्र संपले, ती घटना नकाशाच्या दृष्टीने केवळ हस्तांतर ठरते.

६. समारोप

यावरून असे खेळ अभ्यासकाच्या कामाचे नाहीत, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. प्रत्येक प्रतिकृती काही गाळते, म्हणूनच ती काही दाखवू शकते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लोकसंख्येच्या गणनेस महत्त्वाचे स्थान देण्यात आले आहे. यावरून रचनाकारांनाही ही उणीव जाणवली असावी, असे म्हणण्यास आधार मिळतो. खेळणाऱ्याच्या हाती पावणेचारशे वर्षे अखंड राहणारी एकच इच्छाशक्ती मात्र कोणत्याही एसेनच्या वाट्यास आली नव्हती. ती आली असती, तर तुमूचा विजय कदाचित फुकट गेला नसता. पण स्टेपवरील सत्ता ही प्रत्येक खानाच्या मृत्यूबरोबर, किंबहुना प्रत्येक हिवाळ्याबरोबर, नव्याने मिळवावी लागत असे.

म्हणून पदव्युत्तर वर्गात अशा डावाचा उपयोग करावयाचा झाल्यास, प्रत्येक मोहिमेनंतर विद्यार्थ्यास एकच प्रश्न विचारणे पुरेसे आहे: या प्रांतातील माणसे आता कोठे आहेत? पट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते उत्तर मिंग दरबारच्या नोंदींत, १६४० च्या संहितेत, रशियन व मंचू सत्तांच्या दप्तरांत शोधावे लागते. डाव जिंकणाऱ्यास हा शोध अनावश्यक वाटेल. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम मात्र नेमके तेथूनच सुरू होते.